पुण्यातल्या थिएटरचालकांना खुलं पत्र: आमच्या वयाच्या सिनेमाला संध्याकाळचा शो द्या

प्रति,
पुण्यातल्या मल्टिप्लेक्सचे व्यवस्थापक, शोच्या वेळा ठरवणारे अधिकारी,
आणि मराठी चित्रपटांचे वितरक व निर्माते यांस,

स. न. वि. वि.

मध्यंतरी एक मराठी विनोदी चित्रपट शहरात लागला आणि दुसऱ्याच शुक्रवारी उतरला. पन्नाशीतलं जोडपं, मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसलेला नवरा, शाळेत शिकवणारी बायको, शिकायला बाहेर गेलेली मुलगी आणि घरात एक हट्टी आजोबा, एवढाच त्याचा पसारा. तो का उतरवला असं मी तिकीट खिडकीवर विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, पब्लिक नाही." हे कारण मला मान्य नाही. का मान्य नाही ते चारचौघांसमोर सांगायचं आहे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी कर्वेनगरला राहते. वय चौपन्न, बँकेत नोकरी. नवरा भोसरीला कारखान्यात आहे, कंपनीच्या बसने संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी पोचतो. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं रात्रीचं जेवण वेळेवर लागतं आणि त्यानंतर गोळ्या. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांची थोड्याफार फरकाने हीच कथा आहे, आणि तो चित्रपट नेमका या घरांबद्दल होता. आता आमच्या भागातल्या थिएटरमध्ये पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार त्याला कोणत्या वेळा दिल्या होत्या ते सांगते. सकाळी पावणेअकरा, दुपारी सव्वा आणि रात्री पावणेअकरा. सकाळच्या आणि दुपारच्या शोला आम्ही दोघंही कामावर. रात्रीचा सुटणार एक वाजून गेल्यावर. तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, रिक्षावाला मीटरने यायला तयार नसतो, आणि घरात म्हातारं माणूस एकटं असतं. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत त्या चित्रपटाचा एकही शो नव्हता. शनिवारी दुपारी साडेचारचा एक होता, पण त्याच्या पहिल्या दोन रांगा आणि महागडे रिक्लायनर तेवढे शिल्लक होते. म्हणजे तो शो भरला होता! तो भरला याची नोंद तुमच्याकडे नक्की असेल. मग "पब्लिक नाही" हे उत्तर कुठून आलं?

शेवटी आम्ही दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारच्या शोला गेलो. हॉलमध्ये तीसेक माणसं असतील, बहुतेक निवृत्त जोडपी. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून बघण्याचा का आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून त्यातले दोन प्रसंग सांगते.

निवृत्त झालेला नवरा बायको शाळेत गेली असताना तिचं स्वयंपाकघर "शिस्तीत" लावतो. सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवतो, आणलेल्या तारखेसकट, आणि डबे बाराखडीच्या क्रमाने मांडतो. संध्याकाळी बायको फोडणीला तेल टाकते आणि तिला मोहरी सापडत नाही. मोहरी 'म'मध्ये, मेथीदाण्याच्या शेजारी. तेल धुरावतंय, आजोबा बाहेरून विचारताहेत काय जळतंय, आणि नवरा मोठ्या अभिमानाने सांगतोय की आता डोळे मिटूनसुद्धा कुठलाही डबा सापडेल. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगदी अस्संच केलं होतं यांनी!" आणि त्यांचे यजमान त्यांच्यापेक्षा जोरात हसले. मग हसू सगळ्या हॉलभर पसरत गेलं.

दुसरा प्रसंग पंख्याचा. ऐन डिसेंबरात रात्री तीन वाजता बायको उठून पंखा पाचवर करते. नवरा गोधडीवर ब्लँकेट ओढतो, तासाभराने उठून पंखा बंद करतो. ती पुन्हा लावते. असं रात्रीमागून रात्री चालतं. दिवसा दोघंही चिडचिडी, आणि कारण कुणीच बोलत नाही. तिची पाळी जाण्याचे दिवस आहेत, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, हे तिला सांगता येत नाही आणि त्याला विचारता येत नाही. बघताना हसून पोट दुखतं. मग एका रात्री तो काही न बोलता तिच्या उशाशी एक छोटा टेबल फॅन आणून ठेवतो, फक्त तिच्याकडे वळवलेला. त्या एका क्षणाला हॉलमध्ये आवाज नव्हता.

आमच्या घरी हेच भांडण झालेलं आहे. ते आम्ही कधी मिटवलं नव्हतं, फक्त त्याबद्दल बोलणं थांबवलं होतं. सासूबाईंच्या गोळ्या आणल्यास का, गॅसचा नंबर लावलास का, मेंटेनन्स भरला का, यापलीकडे आमचं बोलणं बरेच दिवस झालं नव्हतं. त्या दिवशी थिएटरमधून निघाल्यावर आम्ही रिक्षा केली नाही, चालत निघालो, आणि नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं, "तुलाही असं होतं का?" एवढं खाजगी मी एरवी लिहिलं नसतं. पण तुमच्या कागदावर हा चित्रपट म्हणजे काही रिकाम्या खुर्च्यांचा आकडा आहे, आणि आमच्या बाजूला तो काय होता हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

"ओटीटीवर येईलच की" असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. येईल किंवा येणारही नाही. प्रत्येक मराठी चित्रपट विकत घेतला जातोच असं नाही. आला तरी घरी काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. कुकरच्या शिट्ट्या, मध्येच बेल, नवऱ्याला अर्ध्या तासात झोप, आणि उरलेला सिनेमा मी मोबाइलवर कानात इअरफोन घालून एकटीने बघायचा. नवराबायकोच्या भांडणावरचा विनोद असा एकटीने बघून काय उपयोग? शेजारच्या रांगेतही हेच घर आहे, हे कळलं की माणूस आपल्याच संसारावर मोकळं हसतो. ते हसू थिएटरमध्येच मिळतं, आणि ते विकणं हा तर तुमचाच व्यवसाय आहे.

आता माझी मुख्य तक्रार. आमच्या वयाचा प्रेक्षक शुक्रवारी सकाळी तिकीट काढत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. शुक्रवारी किंवा शनिवारी कुणीतरी एक जाऊन येतं, सोमवारी बँकेत डबा खाताना विषय निघतो, मंगळवारी तो भिशीच्या ग्रुपवर जातो, बुधवारी घरी विचारणं होतं, आजींजवळ कोण थांबणार ते ठरतं, आणि पुढच्या शनिवारी चार घरं मिळून निघतात. आमच्या घरांतला सिनेमा या वेगाने पसरतो. तुम्ही मात्र पहिल्या शनिवार-रविवारचे आकडे बघून सोमवारपासूनच शो कमी करायला लागता. मी बहिणीला, वहिनीला आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना तयार केलं, तोवर गुरुवार उजाडला होता. पुढच्या आठवड्याच्या वेळा आल्या, तर कोथरूड, डेक्कन, सिंहगड रोड, सातारा रोड, सगळीकडून चित्रपट गेला होता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सकाळचा एक शो उरला होता.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही, याचा पुरावा तुमच्याच हिशेबाच्या वह्यांत आहे. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी लागला. सहा बहिणी, सगळ्या संसारात मुरलेल्या, आणि मंगळागौरीची एक स्पर्धा. त्या चित्रपटाची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त होती. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटाने आल्या, थिएटरच्या लॉबीत फुगड्या घातल्या. त्याचे फोटो तुम्हीही तेव्हा कौतुकाने लावले होते. त्या बायका कोण होत्या? आम्हीच होतो. चाळिशी-पन्नाशीच्या, घर सांभाळून, वेळ काढून आलेल्या. त्या चित्रपटालाही पहिल्या सोमवारी कात्री लागली असती तर आम्ही पोचलोच नसतो, आणि "पब्लिक नाही" हेच वाक्य त्याच्याही नावापुढे लिहिलं गेलं असतं.

वेळांची तक्रार याला जोडूनच आहे. माझ्या तरुणपणी शो बारा, तीन, सहा, नऊ असे असायचे, आणि ते विचारावे लागत नसत. अप्पा बळवंत चौकाजवळचं, १९३४ मध्ये सुरू झालेलं प्रभात (आताचं किबे लक्ष्मी), लक्ष्मी रोडवरचं विजय, भानुविलास, कुठेही जा, ऑफिस सुटल्यावर सहाचा शो गाठता यायचा आणि नऊपर्यंत माणूस घरी. मराठी चित्रपट तिथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करायचा. आज मल्टिप्लेक्समध्ये पडदे कितीतरी जास्त, पण एकाच चित्रपटाची सोमवारची वेळ मंगळवारी नसते. आणि पुढच्या शनिवार-रविवारच्या वेळा आम्हाला बुधवारी रात्री किंवा गुरुवारी कळतात. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरात इतक्या उशिरा कळून काही जमवता येत नाही. नाटकवाल्यांना हे उमगलेलं आहे. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारी नाटक असेल तर जाहिरात आदल्या आठवड्यातच येते, वेळ ठरलेली असते, फोनवर जागा धरून ठेवतात. तिकडे आमच्याच वयाची माणसं पाचशे-पाचशे रुपये देऊन संसारावरची विनोदी नाटकं हाउसफुल्ल करतात. तीच माणसं तुमच्याकडे येत नसतील, तर कुठे अडतं याचा विचार तुम्ही करायला हवा.

सरकारी नियमाबद्दलही बोलते, कारण तो पाळला तरी आमचा काही फायदा होत नाही. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचा शो सक्तीचा केल्याचं जाहीर केलं. त्यावर बराच गदारोळ झाला. चर्चा होऊन शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ ही सगळीच वेळ प्राइम टाइम मानायचं ठरलं. म्हणजे कामाच्या दिवशी दुपारी सव्वाचा शोसुद्धा प्राइम टाइम. कोणत्या नोकरदार माणसाचा तो प्राइम टाइम आहे? कागदावर नियम पुरा झाला, आणि ज्यांच्यासाठी तो केला ती माणसं त्या वेळी कुणी कचेरीत, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत.

आणखी एक उत्तर ऐकलं, तेही नोंदवते. "हे असले घरगुती विषय सीरियलचे, थिएटरचे नाहीत." हे निदान पुण्यात तरी कुणी म्हणू नये. कोल्हापूरहून इथे आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली 'कुंकू' काढला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न, आणि ते मनाने न स्वीकारणारी मुलगी. सगळी कथा एका घराच्या चार भिंतींतली. तो घडला त्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. घरातलं, नवराबायकोमधलं जे बोललं जात नाही, ते पडद्यावर आणणं हे या शहरातल्या सिनेमाचं जुनं काम आहे. तेव्हा ते दुःखाने सांगितलं, आता कुणी हसवत सांगतंय, एवढाच फरक.

तिकिटाच्या आणि पॉपकॉर्नच्या किमतींबद्दल पुष्कळ लिहून झालेलं आहे, मी फार लिहीत नाही. चार माणसांचं कुटुंब संध्याकाळी आलं तर हजाराच्या वर जातात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते परवडत नाही.

निर्माते आणि वितरकांनो, तुमच्याशीही दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली म्हणजे, एकाच शुक्रवारी दोन-दोन, तीन-तीन मराठी चित्रपट आणू नका. एकमेकांचेच शो खाता आणि मग तिघांनाही सकाळची वेळ मिळते. दुसरी गोष्ट ट्रेलरची. या चित्रपटाचा ट्रेलर मी आधी पाहिला होता आणि जायचं नाही असं जवळजवळ ठरवलं होतं. त्यात लाटणं घेऊन धावणारी बायको होती, शेजारणीकडे चोरून बघणारा नवरा होता, मागे दणदणीत संगीत होतं. प्रत्यक्ष चित्रपटात हे सगळं मिळून दोन मिनिटंही नाही! जो पंख्याचा प्रसंग आम्ही जन्मभर विसरणार नाही, त्याचा ट्रेलरमध्ये मागमूस नाही. तुम्हाला वाटतं प्रेक्षक लाटण्याला हसतो. आम्ही मोहरीच्या डब्याला हसलो. लिहिणाऱ्याने आमच्या घरात डोकावून, आमचा मान ठेवून लिहिलं होतं. तुम्ही विकताना तो मान काढून घेतलात. पन्नाशीची बायको म्हणजे कजाग आणि नवरा म्हणजे बावळट किंवा लंपट, हा विनोद आम्ही खूप वर्षं सहन केला. त्यापेक्षा चांगलं तुमच्या हातात आहे तर तेच दाखवा.

आता मागण्या. यातली एकही अशक्य आहे असं मला वाटत नाही.

कौटुंबिक मराठी चित्रपट लागला की प्रत्येक मल्टिप्लेक्सने सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान सुरू होणारा एक शो त्याला द्यावा. छोटा पडदा द्या, शंभर-सव्वाशे खुर्च्यांचा असला तरी चालेल. पण हा शो दोन आठवडे रोज एकाच वेळी ठेवा आणि पहिल्या सोमवारी त्याला हात लावू नका.

चित्रपट उतरवायचा की ठेवायचा हे ठरवताना संध्याकाळच्या शोची तुलना संध्याकाळच्या शोशी करा. मराठी चित्रपटाच्या सकाळी पावणेअकराच्या खुर्च्या आणि दुसऱ्या चित्रपटाच्या संध्याकाळी सातच्या खुर्च्या एका तक्त्यात मांडून निकाल लावणं हा अन्याय आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या शनिवार-रविवारचं बुकिंग आधीच्या सोमवारी उघडा. निदान एका शोचं तरी.

भिशी मंडळं, सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या गटासाठी फोनवर माणूस ठेवा. मी तीस-पस्तीस जणींसाठी चौकशी करायला फोन केला, तर रेकॉर्ड केलेला आवाज एक दाबा, दोन दाबा सांगत राहिला आणि शेवटी फोन तुटला. एवढ्या जणींचं तिकीट एका फोनवर मिळत होतं, ते घेणारं कुणी नव्हतं.

सांस्कृतिक कार्य विभागाकडे माझी एक स्वतंत्र मागणी आहे, त्यांना या पत्राची प्रत मी पाठवते आहे. कामाच्या दिवसांसाठी प्राइम टाइमची व्याख्या संध्याकाळी ६ ते ९ अशी करावी, आणि कोणत्या मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटाला कोणत्या वेळा दिल्या याची यादी दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी.

आणि शेवटची मागणी याच चित्रपटाबद्दल आहे. तो उतरला असला तरी संपलेला नाही. एका शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी, कोथरूड-कर्वेनगर भागात एका पडद्यावर, त्याचे शो पुन्हा लावा. आठवडाभर आधी जाहीर करा. आमच्या सोसायटीतल्या आणि माझ्या बँकेतल्या मैत्रिणींची नावं माझ्याकडे लिहून तयार आहेत, आगाऊ पैसे भरायची तयारी आहे. तारीख तेवढी कळवा.

कळावे,
आपली,
एक प्रेक्षक
कर्वेनगर, पुणे